पाऊस कमी, म्हणून वाट सोपी?

प्रश्न : श्रावणात आईला घेऊन जेजुरीच्या कडेपठारावर चालत जायचं आहे. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे वाट कोरडीच असणार, असं घरचे म्हणतात. आईचे गुडघे थोडे दुखतात. नेऊ का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : जरूर न्या. पण पाऊस कमी म्हणजे वाट सोपी, हा समज आधी सोडा. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम. कोरड्या वाटेवर हाच मुरूम पायाखालून सरकतो आणि एखादी सर येऊन गेली की कातळावर निसरडा चिखल बसतो. पाय घसरतो तो बहुतेकदा उतरताना.

गडकोटाकडून डोंगरधारेने जाणारी पायवाट आईंसाठी टाळा. पायथ्यापासून पायऱ्यांनीच चढा. ओल्या पायऱ्यांवरचं शेवाळ बघून पाऊल टाका. हातात काठी, पायात खाचदार तळाचे बूट आणि सोबत पाणी हवंच. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. दम लागला तर अर्ध्यातून परता, मनाला लावून घेऊ नका. खालच्या गडकोटावरही खंडोबाच आहे.

सहल लांबून सप्टेंबर-ऑक्टोबरात गेली, तर मात्र जास्त जपा. तेव्हा दुपारनंतर विजांसह पाऊस येतो. ढग दाटले तर एकट्या झाडाखाली थांबू नका, मंदिर गाठा. सकाळी लवकर चढून दुपारच्या आत खाली या. सोमवती अमावास्येला आणि चंपाषष्ठीला जेजुरीत मोठी गर्दी असते. आईंना घेऊन ते दिवस नकोत.