त्वचेवरील न भरणारी जखम : डॉ. खानोलकर यांच्या संशोधनाचा बोध



आरोग्याच्या तासाला मुलांची नखे, दात व केस आपण नित्य तपासतो. त्वचेकडे मात्र खरूज अथवा नायटा दिसल्यावाचून सहसा लक्ष जात नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या त्वचेवरील खुणेस केवढे महत्त्व असते, हे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या कार्यावरून ध्यानात येते.

डॉ. खानोलकर (१८९५–१९७८) हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रोगग्रस्त भागाचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे स्वरूप ठरविणे, हे या शास्त्राचे काम. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून ते तेथे काम करू लागले. १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक होते.

रोग ओळखल्यावर, तो ज्यास झाला त्याची राहणी कशी आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला. १९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी रूढींशी निगडित अशा कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूस होणारा पहिला, ओठाआड खैनी धरणाऱ्यांच्या ओठास होणारा दुसरा, आणि घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरील त्वचेस होणारा तिसरा. अशा शोधाची परंपरा जुनी आहे. धुराडी साफ करणाऱ्यांच्या त्वचेच्या कर्करोगाचे कारण काजळी होय, हे इंग्लंडातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखविले. काश्मिरात अंगाशी कांगडी धरून शेकणाऱ्यांच्या पोटाच्या व मांडीच्या त्वचेवरही असाच रोग आढळतो.

कमरेवर हे कसे घडते? कास अथवा नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी काचते. घाम व धूळ यांनी घर्षणाचा त्रास वाढतो. प्रथम त्वचेचा रंग बदलतो, मग ती जाड व खरबरीत होते, पुढे चिरते. जखम भरते आणि पुन्हा उकलते. असे दीर्घकाळ चालले, तर क्वचित तेथील पेशींची वाढ बेबंद होते, हाच कर्करोग. ही गोष्ट केवळ जुन्या काळची नव्हे. वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी २०२४ साली कमरेवर असा रोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधीत असे, दुसरी लुगडे नेसत असे. दुसरीचा रोग जांघेतील गाठींपर्यंत पोचला होता.

आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात धोतर नेसणारे आजोबा व नऊवारी नेसणाऱ्या आजी आजही आहेत. पोशाख बदलावा असे कोणी म्हणत नाही. गाठ सैल असावी, तिची जागा अधूनमधून बदलावी, नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, एवढेच पुरे. खरा धोका संकोचाचा आहे. वस्त्राआडची जखम वडीलधारी माणसे दाखवीत नाहीत, त्यावर हळद दाबून दिवस काढतात. वेळीच कापून काढल्यास हा रोग बहुधा बरा होतो. विलंबाने मात्र तो पसरतो.

डॉ. खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही सखोल अभ्यास केला. या रोगाचे जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंत शिरतात, म्हणूनच चट्ट्यावर बधिरता येते. मुलाच्या अंगावर फिकट वा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर पालकांस एकांतात सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वर्गात त्याचा उच्चार करू नये. उपचार मोफत असून या रोगातून मुले पूर्ण बरी होतात.

वर्गात सांगावयाचे मुद्दे :

१. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांस दाखवावी. अशी प्रत्येक जखम कर्करोगाची नसते. तथापि ती तपासणे अवश्य आहे.

२. बधिर चट्टा लपवू नये.

३. घरी आजी-आजोबांस कमरेवर काच, खाज वा जखम आहे का, हे मुलांनी आदराने विचारावे.

गावात शिक्षकाच्या शब्दास मान असतो. तो शब्द वेळेवर उच्चारला गेला, तर एखाद्या घरातील वडीलधारे माणूस वाचेल.