एक मार्ग नव्हे, मार्गांचे जाळे : सायकल वाहतुकीविषयी डेल्फ्ट शहराचा धडा

शहरातील रस्ता ही सर्व नागरिकांच्या मालकीची जागा आहे. पहाटे घरोघर दूध पोचविणारा, पहिल्या पाळीसाठी कारखाना गाठणारा कामगार, दप्तर अडकवून शाळेला निघालेली विद्यार्थिनी या सर्वांचा तिच्यावर मोटारचालकाइतकाच हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र सायकलस्वाराच्या वाट्याला बहुधा डांबराची कड तेवढी येते. रस्त्याच्या जागेची वाटणी वाहने नव्हेत, तर माणसे दृष्टीसमोर ठेवून व्हावी, हे तत्त्व केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात नमूद आहे. हे तत्त्व व्यवहारात कसे उतरवावे, या दृष्टीने नेदरलँड्समधील डेल्फ्ट या शहराचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

सायकल मागे पडली होती

नेदरलँड्स हा देश प्रारंभापासून अखंड सायकलींचाच राहिला, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, मोटारींसाठी रस्ते रुंद झाले आणि सायकलींचा वापर घटत गेला. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्ते अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मुलांचे जीव वाचवा, या मागणीसाठी पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवारी खाजगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी करण्यात आली आणि मोटारीविना शहर कसे दिसते, हे नागरिकांनी पाहिले. लोकांचा आग्रह आणि इंधनाची निकड या दोहोंमुळे शासनाला आपले धोरण बदलावे लागले.

पहिले प्रयोग व त्यांची मर्यादा

१९७५ नंतर केंद्रीय शासनाच्या साहाय्याने हेग व टिलबर्ग या दोन शहरांत प्रत्येकी एक उत्कृष्ट सायकलमार्ग बांधण्याचा प्रयोग झाला. हेग येथे काही दुकानदारांचा त्यास कडवा विरोध झाला. मार्ग तयार झाल्यावर त्यांवरील प्रवास सुखकर झाला व सायकलींची वर्दळही वाढली. तथापि पाहणीअंती असे आढळले की, नव्या मार्गावर आलेल्यांपैकी बरेचजण शेजारच्या रस्त्यांवरून आलेले जुनेच सायकलस्वार होते. एकूण शहरात सायकलीचा वापर फारसा वाढला नव्हता. याचे कारण उघड आहे. माणूस घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत प्रवास करतो. त्यातील एक मैल उत्तम आणि उरलेले दोन मैल धोक्याचे असतील, तर तो सायकल बाहेर काढीत नाही.

डेल्फ्टची योजना

हेग व रॉटरडॅम यांच्या दरम्यान वसलेल्या डेल्फ्ट शहराने हा बोध घेतला. १९७९ मध्ये आखलेल्या योजनेत एका मार्गाऐवजी संपूर्ण शहराच्या जाळ्याचा विचार करण्यात आला. या जाळ्याचे तीन थर होते. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे मुख्य मार्ग सुमारे अर्धा किलोमीटर अंतरावर. शाळा, बाजार व वस्त्या जोडणारे विभागीय मार्ग दोनशे ते तीनशे मीटरवर. आणि मुलांनाही वापरता येतील अशा गल्लीबोळांतील वाटा त्याहून जवळ. कालवा वा लोहमार्ग आडवा येई तेथे पूल किंवा भुयारी मार्ग बांधण्यात आले. यांवर मोठा खर्च झाला. परंतु तुटलेले दुवे सांधणे, एकेरी रस्त्यावर सायकलींना उलट दिशेने जाण्यास मुभा देणे, यांसारखी अनेक कामे अल्पखर्चाची होती.

१९८२ ते १९८५ या काळात, मुळातच सायकलींचा वापर मोठा असलेल्या या शहरात, एकूण फेऱ्यांमधील सायकलीचा वाटा शेकडा ४० वरून ४३ वर गेला. वाढ डोळे दिपविणारी नाही. परंतु सुटा मार्ग जे साधू शकला नाही, ते जाळ्याने साधले.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रात पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. स्वयंचलित दुचाकी वाढल्या, शहर पसरले आणि ती ओळख पुसट झाली. २००६ नंतर जलद बस वाहतुकीच्या रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधण्यात आले. परंतु ते ठिकठिकाणी खंडित होते. कोठे विजेची पेटी, कोठे उभी वाहने, तर कोठे चौक येताच मार्गच संपलेला. २०१७ मध्ये महानगरपालिकेने मंजूर केलेल्या सर्वंकष सायकल आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना मांडण्यात आली. विचाराची दिशा डेल्फ्टचीच आहे. आराखड्याचे यश मात्र बांधलेल्या किलोमीटरांत मोजून चालणार नाही; मार्ग एकमेकांना किती ठिकाणी जोडले गेले, हेच त्याचे खरे माप ठरेल.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

सायकलमार्गांच्या रचनेविषयी भारतीय रस्ते काँग्रेसची मानके १९६२ पासून उपलब्ध असून २०१५ मध्ये ती सुधारण्यात आली आहेत. तेव्हा तांत्रिक मार्गदर्शनाची उणीव नाही. गरज आहे ती स्थानिक माहितीची, आणि ती मिळविण्यास मोठा खर्च लागत नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेतील सायकलस्वार विद्यार्थ्यांकडून घर ते शाळा हा रस्ता नकाशावर काढून घ्यावा व भीती वाटणाऱ्या जागांवर खूण करवून घ्यावी. अशा पन्नास नकाशांतून गावातील तुटलेले दुवे आपोआप दिसू लागतील. शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी कामगार कोणत्या वाटेने औद्योगिक वसाहतीत जातात, याची नोंद ठेवावी. नगरपालिकांनी रस्तादुरुस्तीच्या वार्षिक कामांतच या दुव्यांचा समावेश करावा आणि चौकांना अग्रक्रम द्यावा. कारण सायकलस्वाराची खरी कसोटी तेथेच लागते.

मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील मागास तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. सायकल हाती आल्याने शाळा जवळ येते. परंतु वाटेतील एक धोक्याचा चौक तिला पुन्हा दूर नेऊ शकतो. मुलीला एकटीने शाळेत पाठविताना पालकांच्या मनात धास्ती उरू नये, इतका तो चौक सुरक्षित करणे हे स्थानिक लोकप्रतिनिधी व अधिकारी यांच्या हाती आहे.