लिनक्सचा कॉम्प्युटर सुरू होईना? फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी हे करा



जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून दुकानाचं बिलिंग चालवणारे आपल्यात बरेच जण आहेत. लायसन्सचा खर्च नाही, जुनं मशीनही बऱ्यापैकी पळतं. पण समजा, महिन्याची १० तारीख आहे, उद्या जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख, आणि मशीन चालूच होत नाही. काळी स्क्रीन, त्यावर पांढरी अक्षरं. रिपेअरवाला येतो, बघतो आणि म्हणतो, "साहेब, फॉरमॅट मारावं लागेल."

थांबा! मशीन बूट न होणं वेगळं आणि डेटा जाणं वेगळं. सिस्टीम बिघडली तरी तुमची बिलं, उधारीचा हिशोब, स्टॉकची फाईल बहुतेक वेळा डिस्कवर जशीच्या तशी असते. ती जाते फॉरमॅटमुळे.

आधी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. मशीन नेमकं कुठे अडकलं, यावरच पुढचं ठरतं.

बूट डिव्हाइस सापडत नाही, असा मेसेज असेल तर गाडी लिनक्सपर्यंत पोचलेलीच नाही. मागे एखादा पेन ड्राइव्ह लागलेला राहिलाय का बघा. बायोसमध्ये तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटन सेल संपलाय. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

अपडेटनंतर अडकलं असेल तर बहुधा नव्या कर्नलचा घोळ असतो. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा. नवीन मशीन असेल तर एस्केप एकदा-दोनदा दाबा. ग्रबचा मेनू येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या नंबरचं कर्नल निवडा. उबुंटू जुनं कर्नल ठेवतं ते यासाठीच. चालू झालं की आधी रिटर्न भरून टाका, दुरुस्ती उद्या!

पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन येते? अनेकदा डिस्क गच्च भरलेली असते. त्याच मेनूत ‘रिकव्हरी मोड’ आहे, त्यात ‘क्लीन’ निवडा. थोडी जागा मोकळी होते.

आता जरा नाजूक प्रकार. यूपीएस नाही, लाइट गेली, आणि पुन्हा चालू केल्यावर ‘इनिटरामएफएस’ असं लिहून मशीन थांबलं. इथे ‘एफएससीके’ नावाची कमांड डिस्कची तपासणी आणि दुरुस्ती करते. पण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं. फोटोत ‘आय-ओ एरर’ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर डिस्कच शेवटच्या घटका मोजत असू शकते. तेव्हा ती कमांड चालवू नका आणि मशीन सारखं बंद-चालू करू नका. आधी डेटा बाहेर काढा.

कसा? शेजारच्या विंडोज कॉम्प्युटरवर रूफस वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्या. पेन ड्राइव्ह रिकामा हवा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. आपल्या मशीनला तो लावून चालू करताना बूट मेनूचं बटन दाबा: डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. ‘ट्राय उबुंटू’ निवडा. ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावू नका! फाइल्समध्ये तुमची डिस्क दिसेल. तिच्यातला होम फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि दोन-चार फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

एक गोष्ट रिपेअरवालेही विसरतात. काही बिलिंग सॉफ्टवेअर डेटा होममध्ये नाही, डेटाबेसमध्ये ठेवतात. मायएसक्यूएल असेल तर तो ‘व्हार’ फोल्डरच्या आत असतो आणि साध्या कॉपी-पेस्टने निघत नाही, परवानगी नाकारली जाते. सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करून डेटा कुठे आहे ते विचारा, तोही काढून घ्या. मग खुशाल फॉरमॅट मारू द्या.