कर्जफेडीच्या काळातील घरखर्च

शेतकरी कुटुंबाच्या कर्जाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम मोठ्या रकमांकडे जाते. विहिरीचे काम, गाईची खरेदी, मुलीचे लग्न, एखादे दीर्घ आजारपण ही कर्जाची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु एकदा झालेले कर्ज वर्षानुवर्षे का फिटत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा किराणा दुकानाच्या वहीत सापडते. एका हाताने हप्ता भरावा आणि दुसऱ्या हाताने तेल, साखर, औषध व पेंड उधार आणावी, असे ज्या घरात चालते तेथे कर्ज फिटत नसून केवळ जागा बदलत असते. यास्तव कर्जफेडीचा आरंभ घरखर्चापासून कसा करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

आपल्या जिल्ह्याचा जुना अनुभव

हा विचार नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि लवकरच त्याचे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पोहोचले. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळावेत, हाच त्यांचा हेतू होता. या घटनेच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला आणि पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला.

त्या आयोगाच्या अहवालातील एक निष्कर्ष आजही ध्यानी धरण्यासारखा आहे. शेतकरी लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे बुडतो, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. आयोगाने या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते असे नमूद केले. अन्नधान्य व इतर गरजेच्या वस्तू, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमाच कर्जाचा आकडा अधिक फुगवतात, असे त्यास आढळले. सारा आता पूर्वीसारखा जड राहिला नाही आणि पुष्कळ ठिकाणी बैलांची जागा ट्रॅक्टरच्या भाड्याने घेतली आहे. परंतु लहान रकमांचे हे गणित मात्र बदललेले नाही.

एका चुकीच्या सल्ल्याची हकीकत

प्रस्तुत लेखकास हा धडा पुस्तकातून मिळाला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कुटुंबाच्या कर्जाचा हिशेब मांडण्याचा प्रसंग आला. घरात दोन दुभत्या गाई होत्या. दुधाचे सर्व पैसे कर्जखाती भरावेत आणि घर कसेबसे चालवावे, असा सल्ला मी दिला. कागदावर हिशेब नेटका दिसत होता. चार महिन्यांनी पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा घरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, हप्ते सगळे भरले. पण तेव्हापासून पीठमीठ उधारीवर आहे, अन् पोराला ताप आला तेव्हा हातउसने घेतले ते वेगळेच.” जुने कर्ज जेवढे कमी झाले होते, तेवढेच नवे, तेही अधिक व्याजाचे, उभे राहिले होते.

दोष त्या कुटुंबाचा नव्हता. घराच्या पोटाचा विचार न करता मी हप्ता ठरवला होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : आधी घराचा खर्च नक्की करावा आणि नंतर हप्ता ठरवावा. न पेलणारा मोठा हप्ता चार महिने भरण्यापेक्षा पेलणारा हप्ता सलग दोन वर्षे भरणे अधिक हिताचे असते.

पहिले काम : देण्यांची यादी

एका साध्या वहीत घरातील सर्व देणी लिहून काढावीत. सेवा संस्थेचे पीककर्ज, बँकेचे कर्ज, बचत गटाचे कर्ज, सोनेतारण, खाजगी देणे, बी-बियाणे व खतांच्या दुकानाची बाकी, किराणा बाकी आणि नातेवाइकांकडील हातउसने यांपैकी काहीही वगळू नये. प्रत्येकापुढे मुद्दल, व्याजाचा दर, मुदत आणि तारण या चार गोष्टी लिहाव्यात. “शेकडा तीन” असे कोणी म्हटले तर तो दर महिन्याचा आहे, म्हणजेच वर्षाला शेकडा छत्तीस आहे, हे स्पष्ट लिहावे.

यादी करताना पती-पत्नी व घरातील कमावती मुले एकत्र बसावीत. पुष्कळ घरांत किराणा बाकी केवळ बाईंना आणि खाजगी देणे केवळ कारभाऱ्यांना ठाऊक असते. जे देणे झाकून ठेवले जाते त्याचे व्याज मात्र चालूच राहते.

दुसरे काम : घरखर्चाचे दोन भाग

नागापूर हे गाव नगर शहरास व औद्योगिक वसाहतीस लागून आहे. अशा गावी एकाच घरात तीन प्रकारचा पैसा येतो : कारखान्यातील पगार महिन्याला, दुधाचा पैसा बहुधा दहा दिवसांनी आणि पिकाचा पैसा वर्षातून एक-दोनदा. खर्चही तसाच असतो. किराणा, गॅस, वीज, प्रवास व औषधे यांना दरमहा पैसे लागतात; शाळा, कपडे, सणवार, आहेर व घराची डागडुजी यांना वर्षातून ठराविक वेळी. मासिक खर्च मासिक आवकेतून आणि वार्षिक खर्च पिकाच्या पैशातून भागवावा. पिकाचा पैसा दोन महिन्यांच्या किराण्यात विरून गेला की जूनमध्ये शाळेच्या वेळी उसनवारी ठरलेली.

हिशेबापूर्वी घरचे धान्य बाजूला काढावे. दरडोई दरमहा दहा किलो धान्य धरल्यास पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा क्विंटल लागते. सुगीत स्वस्त ज्वारी विकून पुढे आषाढ-श्रावणात महाग ज्वारी उधार आणणे, हा तोटा सहज टाळता येतो.

उदाहरणादाखल हिशेब

समजा, एका कुटुंबात पाच माणसे आहेत. तीन एकर जमीन, गाई आणि एका मुलाचा पगार अशी आवक आहे. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे त्यांच्या जागी घालावेत.

मासिक आवक :
पगार — १२,००० रुपये
चारा-पेंड वजा जाता दुधाचे — ३,००० रुपये
एकूण — १५,००० रुपये

मासिक खर्च :
किराणा — ५,००० रुपये
गॅस, वीज, फोन — १,५०० रुपये
प्रवास — १,५०० रुपये
औषधपाणी — १,००० रुपये
एकूण — ९,००० रुपये

वार्षिक खर्च :
शाळा — १८,००० रुपये
कपडे व सण — १५,००० रुपये
आहेर, पाहुणे — १२,००० रुपये
डागडुजी — ७,००० रुपये
एकूण — ५२,००० रुपये

उत्पादनखर्च व पीककर्जाची परतफेड वजा जाता कांदा व हरभऱ्याचे ४०,००० रुपये उरतात असे धरले, तर वार्षिक खर्चाला १२,००० रुपये कमी पडतात, म्हणजे दरमहा १,००० रुपये. आता १५,००० रुपयांची वाटणी अशी होते : घरखर्च ९,०००, वार्षिक खर्चाची भर १,०००, अडीअडचणीची शिल्लक १,०००, कर्जफेड ४,०००.

यांतील शिल्लक टाकण्याची रक्कम पाहून पुष्कळांना नवल वाटेल. डोक्यावर कर्ज असता शिल्लक कशासाठी? त्याचे उत्तर वरील हकीकतीत आहे. मुलाचा ताप किंवा गाईचा आजार सांगून येत नाही. हाती हजार-दोन हजार रुपये असले म्हणजे माणूस जड व्याजाच्या दारी जात नाही. ही शिल्लक टपाल खात्यात किंवा बँकेच्या निराळ्या खात्यात ठेवावी.

कांद्याची आवक धरताना गेल्या तीन वर्षांतील सर्वांत कमी भाव धरावा. चांगल्या भावाच्या आशेवर ठरविलेला हप्ता भाव पडताच मोडतो. भाव अधिक मिळाला तर जादा रक्कम सरळ कर्जात भरावी.

हप्ता कोणास प्रथम?

पीककर्ज मुदतीत फेडणे हे सर्वांत पहिले कर्तव्य समजावे. तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदती पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास केंद्र सरकारची व्याजसवलत मिळते आणि २०२१-२२ पासून महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्यावरील व्याजाचा बोजा शून्यावर येतो. थकबाकीदारास हा लाभ मिळत नाही. मात्र चार दिवसांसाठी जड व्याजाने पैसे आणून खाते “नवे-जुने” करण्याची सवय लागू देऊ नये.

इतर देण्यांपैकी सर्वांत अधिक व्याजाचे देणे प्रथम फेडावे. आपल्या उदाहरणातील कुटुंबाकडे दरमहा शेकडा तीन व्याजाचे ४०,००० रुपये खाजगी देणे आणि दुकानांची ३२,००० रुपये बाकी आहे असे समजू. खाजगी देण्यापोटी नुसते व्याज दिले तर वर्षात १४,४०० रुपये जातात आणि मुद्दल तसेच उभे राहते. दरमहा २,००० रुपये दिल्यास फेडीस एकतीस महिने लागतात. दरमहा ४,००० दिल्यास ते बारा महिन्यांत जवळजवळ फिटते. तेराव्या महिन्यात तीनशेहून कमी रुपये उरतात. त्यानंतर तोच ४,००० रुपयांचा हप्ता दुकानांकडे वळविला म्हणजे आणखी आठ महिने पुरतात. अशा रीतीने हे घर सुमारे एकवीस महिन्यांत मोकळे होते. एक देणे फिटताच त्याचा हप्ता खर्चात मिसळू न देणे, हे यातील मर्म होय.

उधारी कशी थांबवावी?

दुकानदारास तोंड चुकवू नये. त्याची भेट घेऊन जुनी बाकी निराळी लिहून घ्यावी, ती केव्हापासून व कशी फेडणार हे सांगावे आणि आजपासूनचा माल रोखीने नेण्याचे ठरवावे. रोखीचे गिऱ्हाईक दुकानदारासही हवे असते. बियाणे, खते व पेंड घेताना रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारावेत. त्यांतील फरक हेच त्या उधारीचे व्याज असते.

किराण्याची यादी महिन्याच्या आरंभी करावी. रोज सुट्या पुड्या आणल्याने वस्तू महाग पडते आणि हिशेबही राहत नाही. तंबाखू, हॉटेलातील चहा, विनाकारण शहराच्या खेपा यांची नोंद महिनाभर नुसती करावी. महिन्याअखेर बेरीज पाहून काय कमी करायचे ते घरानेच ठरवावे. मात्र दूध, डाळ, मुलांचे शिक्षण आणि औषध यांवर काटकसरीची कात्री चालवू नये. घरातील सर्व दूध डेअरीला घालून मुलांना कोरा चहा देणे ही बचत नव्हे.

संस्था व कायदा यांचे साहाय्य

१९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत २०१२ मध्ये सुधारणा झाली. तीनुसार पीककर्जाची मर्यादा ठरविताना काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी दहा टक्के रक्कम धरली जाते. घरालाही खावे लागते हे या योजनेने मान्य केले आहे. गरज पडल्यास जड व्याजाच्या हातउसन्याऐवजी या मर्यादेचा विचार करावा; परंतु तीही कर्जाचीच रक्कम आहे, हे विसरू नये.

सावकारी व्यवहारास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. या कायद्याखाली शेतीकर्जावर तारण असल्यास वर्षाला शेकडा नऊ व विनातारण असल्यास शेकडा बारा अशी कमाल व्याजमर्यादा ठरविण्यात आली, तसेच मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास वसूल करता येत नाही. दरमहा शेकडा तीन हा दर उघडच या मर्यादेबाहेरचा आहे. अशा व्यवहारात सापडलेल्या कुटुंबाने कोऱ्या कागदावर सही न करता, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती व नोंद ठेवून, तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयाकडे दाद मागावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

कर्जाची चर्चा चावडीवर किंवा सभेत नावे घेऊन करू नये. घरी जाऊन, पती-पत्नी दोघांच्या समक्ष, निवांतपणे करावी. पहिल्या भेटीत केवळ यादी करावी आणि सल्ला दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा. मधल्या महिन्यात कुटुंबाने खर्चाची नोंद ठेवावी. त्यानंतर प्रत्येक भेटीत एकच प्रश्न आवर्जून विचारावा : या महिन्यात नवी उधारी झाली काय? झाली असल्यास रागावू नये. हप्ता जड झाला आहे असे समजून तो पुन्हा बसवावा. एखादा माणूस कर्जापायी खचलेला, अबोल झालेला दिसला तर हिशेब बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे, घरच्यांना सावध करावे व वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. कर्ज फेडायचे आहे ते माणसासाठी, हे कधीही विसरू नये.

सारांश

१. सर्व देणी एका वहीत, व्याजाच्या वार्षिक दरासह लिहावीत.
२. घरचे धान्य आधी बाजूला काढावे.
३. घरखर्च नक्की करून मगच हप्ता ठरवावा.
४. थोडी का होईना, दरमहा शिल्लक टाकावी.
५. पीककर्ज मुदतीत फेडावे. इतरांत जड व्याजाचे देणे प्रथम फेडावे.
६. नवी उधारी थांबवावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या पगाराच्या किंवा दूधबिलाच्या दिवशी एक वही विकत घ्या. तिच्या पहिल्या पानावर देणी आणि दुसऱ्या पानावर घरखर्च लिहा. किराणा दुकानाच्या वहीत ज्या महिन्यात आपल्या नावापुढे नवी ओळ पडणार नाही, त्याच महिन्यापासून आपली खरी कर्जफेड सुरू झाली असे समजा.