शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्यांना होणारी वांती : कारणे आणि प्रतिबंध

१० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. शस्त्रक्रिया पशुवैद्यक करीत असले, तरी तिच्या पूर्वतयारीतील एक महत्त्वाची बाब व्यवस्था पाहणाऱ्यांनीही जाणून घेणे इष्ट ठरेल. ती म्हणजे भुलीपूर्वी होणारी वांती.

वांती का होते?

वेदना कमी व्हाव्यात व भुलीचे औषध कमी लागावे, यासाठी कुत्र्याला आधी मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध टोचतात. मेंदूच्या मागील भागात रक्तातील विषारी द्रव्यांची चाहूल घेणारे एक केंद्र असते. मॉर्फिनमुळे ते उद्दीपित होते आणि कुत्रा ओकतो. म्हणजेच या वांतीचे मूळ पोटात नसून मेंदूत आहे. त्यामुळे उपाशीपोटीही ती होऊ शकते. लाळ गळणे, ओठ चाटणे, वारंवार गिळणे व अस्वस्थता ही मळमळीची पूर्वचिन्हे होत.

गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत ओकलेले अन्न वा आम्ल गेल्यास फुप्फुसदाह होऊन प्राण धोक्यात येतात. रस्त्यावरून पकडलेल्या कुत्र्याने केव्हा व काय खाल्ले, हे कोणासही ठाऊक नसते. म्हणून त्याच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो.

प्रतिबंधक उपाय

यावर मॅरोपिटंट हे औषध गुणकारी आहे. ते मेंदूतील वांतीचा संदेशच रोखते. दर किलो वजनास १ मिलिग्रॅम या प्रमाणात ते कातडीखाली टोचतात. मात्र वेळ महत्त्वाची. अफूवर्गीय औषधापूर्वी सुमारे १ तास ते दिल्यास वांतीबरोबरच मळमळही टळते. दोन्ही एकाच वेळी दिल्यास हा लाभ पुरेसा मिळत नाही. हे इंजेक्शन झोंबते. थंड ठेवलेले औषध वापरल्यास वेदना कमी होते. ॲसिप्रोमझिन हे शामक १५ मिनिटे आधी दिल्यानेही वांतीचे प्रमाण घटते. ब्युटॉर्फॅनॉलसारख्या औषधाने वांती क्वचितच होते. परंतु त्याची वेदनाशामक शक्ती मॉर्फिनहून कमी असते. औषधाची निवड अर्थातच पशुवैद्यकाने करावयाची असते.

व्यवस्थापनाचा वाटा

कुत्रा आदल्या दिवशीच केंद्रात आणावा, त्याच्या शेवटच्या आहाराची वेळ नोंदवावी आणि प्रौढ कुत्र्यास साधारणतः ६ ते १२ तास उपाशी ठेवावे. उपवासाने वांती थांबत नसली, तरी पोट रिकामे राहून तिचा धोका घटतो. दिवसभराच्या शस्त्रक्रियांचा क्रम ठरविताना प्रत्येक कुत्र्यासाठी हा एक तास राखून ठेवल्यास मुक्या जिवाचे हाल टळतील आणि शस्त्रक्रियाही अधिक निर्धोक होईल.