जुन्या फ्रीझर रूमची ओल मे महिन्यात शोधा

सानगडी-साकोली पट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांतली रोहू, कतला उणे १८ अंशांवर साठवायला जुनी फ्रीझर रूम असेल, तर तिची रड बहुधा पावसाळ्यात सुरू होते. भिंती बाहेरून ओल्या, आत छताला बर्फ, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. तपासणी मात्र तेव्हा करू नका. झडीत आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली की हवेपेक्षा एखादा अंश थंड असलेल्या धडधाकट पॅनेललाही घाम येतो. मे महिन्यात पारा ४४ वर आणि आर्द्रता २० टक्के असताना ओल धरायला भिंत १६ अंशांखाली उतरावी लागते. त्या उन्हाळ्यातही एखाद्या जागी पाणी दिसलं, तर तिथला सांधा उघडा पडलाय किंवा पॅनेलमधला पफ (पॉलियुरेथेन फोम) भिजलाय.

भर दुपारी बाहेरून पालथा हात लावत सगळे सांधे फिरा. कोपरे, छताची कड आणि तांब्याच्या नळ्या, वायरी जिथून आत शिरतात ती भोकं नीट पाहा. भिंतीत ओल बऱ्याचदा इथूनच शिरते. थंड लागेल तिथे खडूने खूण करा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा तर चकचकीत पत्र्यावर तो खोटं सांगतो. आधी काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर मोजा.

दाराच्या गॅस्केटची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून हवा जाते. रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा पाहा, तरी सुटत असेल तर बदला. चौकटीतली हीटरची तार चालू आहे ना, तेही बघा.

आता खुणेच्या जागी. मासळी दुसरीकडे हलवा, मेन स्विच बंद करा, पत्र्यामागे वायर नाही याची खात्री करून बाहेरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि तार खुपसून पाहा. पफ कोरडा असेल तर भोक लगेच सीलंटने बुजवा. पाणी किंवा बर्फ लागला तर वाळवत बसू नका. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेलं पाणी सहजी बाहेर पडत नाही, आणि बर्फ कोरड्या पफच्या जवळपास शंभरपट उष्णता वाहतो. कॅम-लॉकचं पॅनेल ॲलन चावीने सुटतं, तेवढंच बदला. वीट-थर्माकोलची खोली असेल तर भिजलेला थर्माकोल काढून विटेवर डांबराचा अखंड थर द्या आणि मग नवा बसवा.

सीलंटची सगळ्यात मोठी चूक आतून लावण्याची असते. कारागीर आतूनच लावतो, कारण बर्फ आत दिसतो. पण पावसाळ्यात बाहेरच्या वाफेचा दाब आतल्याच्या सुमारे २५ पट असतो. ती बाहेरूनच ढकलत येते. म्हणून ब्यूटाइलची पट्टी किंवा सीलंट बाहेरच्या सांध्यांवर, साफ आणि कोरड्या पत्र्यावर लावा. नळ्यांच्या भोकांत आधी फोम भरा, मग बाहेरून सील करा. आतून प्लास्टिक चिकटवलं तर ओल मधेच अडकते.

पाणी निघायची नळी गोठलेली असेल तर डिफ्रॉस्टचं पाणी ताटलीत साचून पुन्हा बर्फ होतं. खोलीतल्या नळीवर हीटर हवा. पाण्याचा ट्रॅप मात्र बाहेर, उबदार जागी. त्यात कायम पाणी राहू द्या, नाहीतर त्याच वाटेने दमट हवा आत ओढली जाते. फरशी कुठे फुगली असेल तर खालची माती गोठते आहे; तिथे वरून डागडुजी फुकट जाते, अभियंत्याला बोलवा.

आत काम करताना बाहेर एक माणूस उभा असू द्या आणि दार आतून उघडणारा दांडा आधी चालवून पाहा.

सगळं मृग लागण्याआधी उरका. काम झाल्यावर वीजमीटरचं रीडिंग रोज एकाच वेळी वहीत लिहा, बाहेरच्या तापमानासकट. पहिल्या झडीनंतर रोजचा वापर अचानक वाढला, तर खडूच्या खुणा पुन्हा पाहा.