नांगरटीचे पैसे देताय? मग आधी वीत लावून बघा

सख्यांनो, रब्बीचं पीक निघालं की नांगरटीची घाई सुरू होते. ट्रॅक्टर कधी भाड्याने येतो, कधी गटाच्या अवजार बँकेतून. ड्रायव्हर दादा भराभर फेऱ्या मारून पैसे घेऊन जातात. वरून रान काळंभोर, छान दिसतं. पण पेरणीनंतर कुठे पीक जोमदार, कुठे पिवळं पडतं, आणि आपण बियाण्याला दोष देतो. पुष्कळदा चूक असते ती नीट न लावलेल्या नांगराची. म्हणून या वेळचा धडा दोन फाळांच्या पलटी नांगराचा.

शेतात शिरण्याआधी
मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवी. नांगर उचलणारे लिफ्टचे दोन्ही दांडे सारख्याच लांबीचे हवेत. फाळांची टोकं झिजून बोथट झाली असतील, तर नांगर जमिनीत घुसत नाही आणि डिझेल जास्त जातं. बोथट फाळ आधी बदलायला सांगा.

बाजूने उभं राहून बघा
नांगर चालू असताना त्याची चौकट पुढून मागून जमिनीला समांतर दिसली पाहिजे. हे काम वरच्या मधल्या दांड्याचं, म्हणजे टॉप लिंकचं.
- पुढचा फाळ खोल आणि मागचा वर राहतो? टॉप लिंक थोडी लांब करायची.
- मागचा फाळ खोल आणि पुढचा वरवर चालतो? टॉप लिंक थोडी आखूड करायची.

एका वेळी एक-दोन आटे फिरवायचे आणि थोडं चालवून परत बघायचं.

मागून उभं राहून बघा
पहिल्या फेरीला दोन्ही चाकं न नांगरलेल्या जमिनीवर असतात. दुसऱ्या फेरीपासून एक चाक तासात उतरतं आणि ट्रॅक्टर तिरका होतो. (इथे तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराने पाडलेली चर.) ट्रॅक्टर तिरका झाला तरी नांगराचे पाय जमिनीवर सरळ उभे दिसायला हवेत. ते कललेले असतील, तर नांगराच्या पुढच्या भागातल्या दोन अडणीच्या बोल्टांनी कल काढता येतो. उजव्या बाजूला एक बोल्ट, डाव्या बाजूला एक. दोन्हीकडे पलटी करून बघायचं.

आता वीत लावा
एक वीत म्हणजे साधारण 9 इंच. चांगल्या नांगरटीला 8 ते 10 इंच खोली पुरते. पण भुसभुशीत मातीत काठी खुपसून मोजू नका. माती फुगलेली असते, त्यामुळे खोली जास्त वाटते. शेवटच्या तासाजवळ जा. न नांगरलेल्या कडेपासून तासाच्या तळापर्यंत मोजा. मग खुरप्याने शेजारची सुटी माती बाजूला करा. दोन्ही फाळांचा तळ एका पातळीत लागला, तर नांगर बरोबर लागलाय. पायरीसारखा लागला, तर परत टॉप लिंक आणि कल तपासा. दोन फेऱ्यांच्या मध्ये कडक पट्टी राहिली असेल, तर ड्रायव्हरने चाक तासाच्या भिंतीला धरून चालवलेलं नाही.

मोजणी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच करा. रान संपल्यावर मोजून काय उपयोग? सरळ म्हणा, "दादा, दोन फेऱ्या झाल्या की थांबा, मला खोली बघायचीय." सुरुवातीला दादा हसतील. हसू द्या. पैसे आपले आहेत, रान आपलं आहे.

हे विसरू नका
- जमीन उताराची असेल तर नांगरट उताराला आडवी घ्या, म्हणजे माती वाहून जात नाही.
- माती बोटाला चिकटत असेल, तर वाफसा येईपर्यंत थांबा. ओल्या रानात ढेकळं पडतात आणि खाली माती घट्ट दाबली जाते.
- मोजताना ट्रॅक्टर बंद आणि नांगर जमिनीवर टेकवलेला हवा. उचललेल्या नांगराखाली हात-पाय घालायचा नाही.
- पदर खोचून घ्या. मडगार्डवर बसून जाऊ नका, लेकरांनाही बसवू नका.

बैठकीत करायचं काम
पुढच्या बैठकीआधी गटातल्या एकीच्या रानात नांगर चालू असताना सगळ्या जणी जा. प्रत्येकीने एकदा तरी स्वतः खोली मोजा. कुणाच्या रानात किती इंच भरली, ते गटाच्या वहीत लिहा. पुढच्या हंगामात ट्रॅक्टर ठरवताना ही वहीच आपल्या बाजूने बोलेल.